मागची बाजू

अजमानच्या मासळीबाजारामागे, टायरवाल्याला लागून
माझं दुकान : कप, ढाली, पदकं, दारावरच्या पाट्या.
शुक्रवारच्या क्रिकेटचे अठ्ठावीस कप टेबलावर पसरलेले
आणि हा माणूस आत आला, चपला बाहेर काढून.
इथे दुकानात चपला कोण काढतं?

खिशातून रुमाल, रुमालातून पदक.
"नाव चुकलंय," म्हणाला.
कंपनीच्या साहेबाने कागदावर लिहून दिलं होतं,
मी तसंच कोरलं, सहा नग एकदम :
समुद्रावरील धैर्याबद्दल. खाली ज्याचं त्याचं नाव.
होडेकरचा मोडेकर झाला होता.
एच आणि एम, घाईच्या अक्षरात भाऊभाऊच.

मी म्हटलं, फुकट करून देतो. घासून काढतो,
फक्त पत्रा जरा आणखी पातळ होईल.
"राहू दे," म्हणाला. "होडी मोडलीच होती की."

चहा मागवला. शमशुद्दीन होडेकर, बाणकोटचा,
टगवर ऑइलमन.
शमाल सुटल्याचा तिसरा दिवस, लाँच आडवी झालेली,
"आणि पाण्यावर कांदेच कांदे, भाऊ.
डोकं कुठलं, कांदा कुठला, समजेना."
कमरेला दोर बांधून हा उतरला.
दोघे निघाले. तिसऱ्याने याची मानच धरली,
अशी, की दोघेही खाली जायला लागले,
आणि कानात एकच ओरड : पीरदाद, पीरदाद.

"भाऊ त्याचा. त्याच लाँचवर होता.
मला बलुची कुठली येते? म्हटलं, हां.
हां तेवढं कुणालाही कळतं.
हां, हां, पीरदाद. मग हात ढिले सोडले त्याने."

चहावर साय धरली.
"वर डेकवर, ब्लँकेटात, त्याने माझं तोंड नीट बघितलं.
आणि पलीकडे वळला."

पदक उलटं करून त्याने माझ्याकडे सरकवलं.
"इथे लिही. बारीक. पीरदाद."

मागून मशीन धरत नाही, कडी आड येते.
खणातून मामाची छिन्नी काढली.
चिपळूणला लग्नसराईत मामा भांड्यांवर नावं घालायचा,
घागर, तपेली, ताटं, टिंबाला टिंब लावून,
अक्षराला पाच पैसे. मी शेजारी बसून कागद वाचून दाखवायचो :
अमक्याकडून तमकीस.
सवयीने तोंडातून गेलं, "कुणाकडून लिहू?"
त्याने बराच वेळ विचार केला.
"नको. नुसतं नाव."

पी. र. दा. द.
मामाच्या दराने वीस पैसे झाले.
पत्रा पातळ, ठोके पुढे उमटले :
मोडेकरच्या खाली उलटे, बारीक फोड,
वाचता न येणारे.
मी काही बोललो नाही. त्याचा अंगठा तिथेच थांबला,
पुढे गेला, परत आला.

मग रुमाल, खिसा, चपला.
कपाखाली पाच दिरहम ठेवून गेला, ते नंतर दिसलं.

अठ्ठावीस बाकी होते. पहिला कप मशीनला लावला,
कागदावरचं नाव वाचलं,
पुन्हा वाचलं,
आणि फोन करून विचारलं.