ळचा खण

खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा
निवडणुकीत ळचा खण सगळ्यात आधी रिकामा व्हायचा.
घोटाळा, काळा पैसा, टोळी, बाजारातले गाळे.
शाणूबाब म्हणायचे, म्हापशाहून आणूया आणखी पाव किलो,
जणू बांगडेच.
आता सगळं पडद्यावर. ळ संपतच नाही.

डिचोलीच्या बाजारात, चपलांच्या दुकानावर,
एकतीस वर्षं मी लाल पेन घेऊन बसते.
प्रभाग सात. नारळ: सगुण कारबोटकर.
कपबशी: उमाकांत च्यारी.
दोघांचीही पत्रकं आमच्याकडेच,
एकाची दुपारी, दुसऱ्याची दिवे लागल्यावर,
मध्ये फक्त कागदाचा रंग बदलतो.

कारबोटकरने च्यारीला लिहिलं होतं 'निर्लज'.
मी आणखी एक ज दिला.
च्यारीच्या मजकुरात कारबोटकर 'लंपठ' होता,
ठ काढून ट केला.
शिवी झाली तरी शुद्ध हवी.
म्हणजे दोघांनाही नीट शिव्या मीच घातल्या म्हणा ना.

देवस्थानची जमीन कुणी विकली, ते पिवळ्यावर.
कॅसिनोच्या कागदांत कुणाचा भाऊ, ते गुलाबीवर.
कुणाचा मुलगा दुसऱ्याला परीक्षेला बसवून पास झाला.
आठवड्याभरात च्यारीबद्दल कारबोटकरचं मत
मला पाठ झालं,
आणि कारबोटकरबद्दल च्यारीचं.
च्यारीला स्वतः काय करायचंय
ते कुठे छापायला आलंच नाही.

'नळ' हा शब्दही नव्हता. मी शोधला,
दोन्ही रंगांत, पाठपोट.
आमच्या वाड्यावर पाणी एक दिवसाआड,
तेही पहाटे चारला, आधी अर्धा तास नुसती हवा.

एकदा च्यारी स्वतः वर आला, स्कूटर खाली चालूच ठेवून.
टेबलावर पिवळा गठ्ठा वाळत होता, त्याच्यावरचाच.
उभ्यानं वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.
'कोणें बरयलां हें? बरें बरयलां.'
मग म्हणाला, माझी अक्षरं याहून मोठी घे.
शर्टाची कॉलर मागून आत दुमडली होती.
सांगावं असं वाटलं, तोवर तो जिना उतरला.

ज्या वर्षी नदी बाजारात शिरली
याच जिन्यावर हे दोघे होते,
एक खालून कागदाची रिमं देत, एक वरून घेत.
तेव्हाही एकमेकांना शिव्याच घालत होते,
पण त्या छापण्यासारख्या नव्हत्या.

हा मजकूर कुणी आणून दिला नाही मला.

मतदानाच्या दिवशी बोट पुढे केलं
तर टेबलामागची मुलगी म्हणाली, शाई आधीच लागलीय की!
छापखान्याची, म्हटलं.
तिला पटेना. शेजारच्याला विचारून आली,
मग नखाजवळ एक स्वच्छ जागा शोधली.

पुठ्ठ्याच्या आडोशाला मतपत्रिका उलगडली.
कारबोटकरमधला ट नीट उमटला नव्हता.
हात पर्समध्ये गेला, लाल पेनाकडे.
शिक्का समोर, सुतळीला बांधलेला.
सवयीनं कागदाची पाठ पाहिली.
कोरी.
बाहेरून कुणीतरी म्हणालं, अगो बाये, झालें मगो?
मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.