आटलेलं पातेलं

जेर्लांदो भिंतीला जीभ लावतो,
मग हेल्मेटचा दिवा तिरका धरतो.
"पांढरा पट्टा उन्हाचा. ही काळी रेघ गाळाची,
त्या साली कुठून तरी पाणी आलं असणार."
नुन्झियाता खडूने खुणा करत मोजते आहे,
एकशे बारा, एकशे तेरा...
सिसिलीच्या पोटात, जिथे घामाची चव वेगळी कळत नाही.

छताजवळ तिचा हात थांबतो.
थरांना उभी चीर, वरून खाली निमुळती होत गेलेली,
आत लालसर माती.
"इथे समुद्र नव्हताच. तळ उघडा पडला होता."
एवढा थोरला भूमध्य समुद्र.

म्हातारा हसत नाही.
त्याला आठवतं गॅसवर विसरलेलं पातेलं,
पास्त्याचं पाणी आटत आटत
आतून उमटलेली पांढरी कडी, एकाखाली एक,
आणि तळाला तडकलेलं एनॅमल.
स्टुटगार्टहून फोन होता, आगाता म्हणाली, सहजच.
पण त्याने आयुष्यभर मीठ वाचलेलं.
पहिल्या कड्यापर्यंत हवापाणी,
दुसऱ्यापर्यंत नातवाचे दात,
त्याखाली इतका रुंद पांढरा पट्टा
की तिथे कुणीच बोललं नसणार.
मुलगा परत येणार नाही हे त्याला
पातेलं घासताना कळलं.

"याच्या वर काय आहे?" तो विचारतो, माहीत असून.
"चुन्याची माती. सूक्ष्म शंख, खोल पाण्यातले."
"म्हणजे आला परत."
"आला. पण किती वर्षांनी, ते..."
ती खालून पुन्हा मोजायला लागते.
मघाशी कुठेतरी एक रेघ सुटली होती.