खरे मानल्यास

पुस्तक माझ्या हातात, परीक्षा ओडीलची.
खेकड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून ती येते,
फ्रिकोचा एक वाडगा उभ्यानेच संपवते
आणि म्हणते, वाच बाबा.
मी वाचतो. अडखळत.
परीक्षेची भाषा आमच्या चुलीपाशी कधी बोलली गेली नाही;
ती शाळेतून आली, बँकेतून आली,
बोट विकली तेव्हाच्या कागदांवर आली.

*खालीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास,
वरील युक्तिवादाला सर्वाधिक बळकटी देते?*

आधी मला वाटायचं, बळकटी म्हणजे आवाज.
मच्छीमार संघाच्या सभेत उभा जन्म
मी तसाच वाद घातला, टेबलावर मूठ आपटून.
ओडील म्हणाली, जो पर्याय निष्कर्षच पुन्हा सांगतो
तो खोड. नुसता त्याच विषयावर बडबडतो, तोही खोड.
मग उरतं काय?
आधार इथे, निष्कर्ष तिथे,
आणि मधे लिहिणाऱ्याने गुपचूप मारलेली उडी.
ती शोधायची. तिच्याखाली टेकू द्यायचा.
अख्खं घर बांधून द्यायचं नाही, बाबा.

हे मात्र मला कळलं.
इथे केप ब्रेटनला डोंगरावरून आग्नेयेचा वारा उतरतो.
एका हिवाळ्यात त्याने माझी शेड नेली,
मागची भिंत तेवढी उरली, खुंटीवर माझा कोट तसाच.
नवी बांधली तेव्हा मी चारी बाजूंनी फळ्या ठोकत सुटलो.
आल्फी शेजारून बघत होता.
शेवटी म्हणाला, थेओफिल,
वारा त्या एका कोपऱ्यातून येतो.
बाकीचं लाकूड चुलीत घाल.

काल रात्री एकेचाळिसावा प्रश्न.
एका बंदराच्या तोंडाशी नवे दिवे बसवले.
पुढच्या पाच वर्षांत अपघात निम्म्यावर आले.
सबब, दिव्यांमुळे जीव वाचले.

कावळा बसला नि फांदी मोडली, मी म्हणालो.
ती हसली. बरोबर.
आता फांदी कावळ्यानेच मोडली,
असं वाटायला लावणारं वाक्य शोध.

दिवे फार महाग होते. असोत.
खलाशांना दिवे आवडले. आवडोत.
शेजारच्या बंदरात दिव्यांवाचूनच अपघात घटले.
हा तर पाय ओढणारा.
चौथा वाचला आणि माझं बोट ओळीवरच राहिलं:
*त्या पाच वर्षांत समुद्रावर जाणाऱ्या बोटींची संख्या
कमी झाली नाही.*

आमच्या धक्क्यालाही दिवे बसले होते.
कोणी साहेब आला, फीत कापली, पावसात भाषण केलं.
त्यानंतर आमच्यातला एकही माणूस बुडाला नाही.
सरकारी अहवालात तसं छापूनही आलं.
कॉड संपला होता.
सत्तेचाळीस बोटींतल्या सहा उरल्या होत्या.
किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या बोटीतून
कोण बुडणार?
रात्रभर ते दिवे रिकाम्या पाण्याला वाट दाखवायचे,
हिरवा, लाल, हिरवा.

चौथाच ना, बाबा?
चौथाच.
पण ते खरं नाही.
खरं आहे का, ते विचारलेलंच नाही, ती हळू म्हणाली.
मानायचं. मानलं तर काय होतं, एवढंच सांगायचं.
घड्याळात बघून तिने खूण केली.
एक मिनिट बावीस सेकंद. ठीक आहे म्हणाली.

ओडील छत्तिसाव्या वर्षी वकील होणार.
मग परत येणार, म्हणते,
दवाखान्याच्या शेजारी पाटी लावणार.
आधार काय? तर ती म्हणते म्हणून.
उडी मोठी आहे. आल्फीचे तिन्ही मुलगे
असंच म्हणून अल्बर्टाला गेले.
इतक्या रात्री पर्याय खोडून खोडून
माझा हात आता सराईत झालाय,
पण इथे मी पेन्सिल उचलत नाही.

दार थरथरलं. उठलो,
आग्नेयेच्या कोपऱ्यातल्या कडीखाली खुर्ची लावली,
चष्मा पुसला.
बेचाळिसावा, मी म्हणालो. ऐक.