शेड कार्ड

निलंग्यात माझं रंगाचं दुकान,
स्टँडमागं, वजनकाट्याला लागून.
शेड दाखवा, म्हणतं गिऱ्हाईक,
की मी कार्ड पसरतो :
आठशे चौकोन, प्रत्येकाला नंबर
आणि कुणीतरी एसीत बसून ठेवलेलं नाव.

मंगळवारी मस्तानबी आली.
कार्ड उलटं धरलं, सुलटं धरलं,
म्हणाली, "यातली नको.
शेडमधली शेड पायजे."

कुठलं शेड ते मला विचारावं लागलं नाही.
भूकंपानंतर आमचं सगळं गाव पत्र्यात राहिलं,
रांग नंबर, खोली नंबर.
दुपारी पत्रा कडकड वाजायचा,
खिळ्यांच्या भोकांतून उन्हाची नाणी पडायची,
आम्ही पोरं ती मुठीत धरायचो, उघडली की नाहीत.
भोकं सोडून बाकीचा जो अंधार,
त्याचा रंग कोणता, हे कुणी पाहिलं नव्हतं.
मस्तानबीनं पाहिला होता.

मी मशीन लावलं.
काळ्याचा एक थेंब, गेरूचे तीन,
प्लायच्या तुकड्यावर बोटानं ओढून दाखवलं.
"न्हाई. ह्यात रात्र हाय. दुपार घाल."
पिवळा घातला.
"आता सकाळ झाली."

काउंटरवर पोरगी डिक्शनरी घेऊन बसलेली,
नववीचा गृहपाठ.
"पप्पा, शेड म्हणजे सावली.
छटा. दिव्यावरची टोपी. किंचित, थोडंसं.
आणि खाली बारीक अक्षरात,
मेलेल्या माणसाचं भूत."
"आणि पत्र्याचं?"
"ते वेगळं, पप्पा. त्यात ए नसतो."

आपल्यात तर एवढाच फरक :
रंगाची ती शेड,
पत्र्याचं ते शेड.
घाईत बोललं की तोही राहत नाही.

मस्तानबी ऐकत होती.
"मग बराबर लिवलंय," म्हणाली,
"दुपारी यायचे ना सगळे.
जाफर तर मांडीवर डोकं टाकायचा.
केसांत माती तशीच.
मी झाडायचे न्हाई, उठंल म्हणून."

मशीनचा पंखा तेवढा चालू होता.
मी अजून एक थेंब टाकला, कशाचा, आठवत नाही.
तिनं प्लाय नाकाजवळ नेला,
मग लांब धरला,
आणि पदराच्या गाठीतून पैसे सोडायला लागली.
"एक लिटरमध्ये भिंत व्हायची नाही, चाची."
"भिंत कुठं करायलेय? कोपरा हाय."

डब्याचं झाकण ठोकलं.
बिलात शेड नंबरचा रकाना असतो.
"काय लिहू?" पोरगी म्हणाली.
म्हटलं, थांब,
आधी स्पेलिंग सांग.