निळा दोरा

पिंजऱ्याला कुलूप नाही,
कपडे वाळत घालायचा एक चिमटा आहे.
मोतालेब रजेवर निघाला तेव्हा तोच माझ्या हातात ठेवला
आणि म्हणाला, बघ रे याच्याकडे.

रोल्यातली खोली. सहा खाटा, खिडकी एक,
खिडकीत हा.
दुकानात फिंच म्हणतात.
चोच गाजराच्या तुकड्यासारखी, गालावर तपकिरी ठिपका,
आवाज लहान मुलाच्या बुटातल्या पिपाणीचा.
खातो राळे. आमच्या गावी सणाला राळ्याचा भात करतात
हे मी त्याला सांगितलं होतं एकदा, कुणी नसताना.

शुक्रवारी जेवून आलो तर पिंजऱ्यातल्या कागदावर लाल थेंब.
वाटलं, कुणी पान खाऊन...
पण खोलीत पान खाणारा मोतालेबच,
आणि तो तर सिल्हेटला.
मग दिसला पाय. उजवा. मागचं बोट.
बोटाला दोरा करकचलेला, निळा,
आणि हा चोचीनं ओढतोय, ओढतोय,
दोऱ्याबरोबर कातडंही.

निळा दोरा माझ्या कव्हरॉलचा.
बाही उसवली होती, मीच टाकला घरट्यासाठी.
कौतुकानं.

थंगराजनं मोबाइलचा उजेड धरला.
छाती दाबू नको म्हणाला, मुठीत आवळलंस तर श्वास थांबेल.
म्हणून मान दोन बोटांत, बाकीचा हात पोकळ,
टॉवेल ओला होऊ नये इतपतच.
हातात काही आहे असं वाटेना.
जाणवत होतं ते काळीज फक्त,
कॉम्प्रेसर जाम होण्याआधी थरथरतो तसं.

बारा ग्रॅमचा जीव.
अंगातलं सगळं रक्त मिळून
खोकल्याच्या औषधाच्या झाकणात तळाला राहील तेवढं.
मी मोजत होतो. कागदावर सात, टॉवेलवर दोन,
एक माझ्या अंगठ्यावर.

मिशीच्या कात्रीनं दोरा कापला.
सुटला,
आणि मग खरं वाहायला लागलं.

बायको फोनवर म्हणाली, हळद लावा.
आमच्याकडे हळदीला कुठलीच जखम नवी नाही.
पण कुट्टप्पन स्वयंपाकघरातून
सुपात घालायच्या कॉर्नफ्लोअरचा डबा घेऊन आला,
चिमूटभर पीठ, वर टिश्यू, वर माझं बोट.
दोन मिनिटं. उचलून बघायचं नाही.

गच्चीवर भर उन्हात मी तास तास युनिटं खोलतो.
ही दोन मिनिटं त्याहून मोठी होती.

थांबलं.

खारट कोमट पाण्यात कापूस. काठ्या काढल्या,
तळाला स्वच्छ कागद, अर्ध्या पिंजऱ्यावर माझी लुंगी.
घरटं सगळं उपसून टाकलं, एक धागा ठेवला नाही.
मग थंगराज म्हणाला, रक्त गेलंय, गारवा सोसणार नाही.
सगळ्यांनी वर पाहिलं, भिंतीवर,
जिथं ती गुरगुरत होती.

महिना ऑगस्ट. गाव शारजा.
मी एसीचा मेकॅनिक. पगार मिळतो तो
लोकांच्या खोल्या गार ठेवण्याचा.
उठलो आणि बंद केला.

गिरधारी शिव्या देत गादी घेऊन जिन्यात गेला.
रात्री दोनदा उठून आला.
पाणी प्यायला, म्हणाला.
पाण्याचा कॅन जिन्यातच असतो.

पहाटे मोतालेबचा फोन, व्हिडिओवर.
मुलगी झाली. दुपट्यातून त्यानं तिचा पाय बाहेर काढला,
कॅमेऱ्यापाशी आणला, सगळी बोटं
एकेक करून दाखवली.
पाचवर थांबला, मग पुन्हा पहिल्यापासून.

मला म्हणाला, माझा राजा कसा आहे?
मी लुंगी बाजूला केली.
एका पायावर उभा, दुसरा पिसांत ओढून घेतलेला,
नेहमी झोपतो तसाच दिसत होता.
झोपलाय, मी म्हटलं.
तू घामानं भिजलायस एवढा? लाइट गेली?

हो म्हटलं मी.

बोट काळं पडतंय का
ते उजाडल्यावर बघायचं.