आकडा

तिकीटखिडकीच्या काचेला तोंडाशी एक गोल भोक, बोलायला,
आणि खाली अर्धचंद्र, पैसे सरकवायला.
या दोन भोकांच्या मधे मी बसायचे. वय सतरा.
विस्कॉन्सिनातलं आमचं कागदगिरणीचं गाव,
जिथे बर्फालाही उकडलेल्या कोबीचा वास येतो.

पोस्टरवर लाल कोटाची पाठ,
आणि पाठीमागे लपवलेल्या हातात
मांस टांगायचा आकडा.
एवढंच. रक्ताचा थेंबही नव्हता.
पण रविवारी दुपारी, फुटबॉलच्या मध्यंतरात,
टीव्हीवर तो माणूस तीस सेकंदांपुरता वळला
आणि घराघरांत हातातला घास हातातच राहिला.

सोमवारपर्यंत पोरांनी अंथरुणं ओली केली होती.
मंगळवारी फलक रंगले.
बुधवारी आई माझ्यासमोर,
रस्त्याच्या अलीकडे, चार हातांवर,
माझाच जुना स्कार्फ गळ्यात,
हातात पुठ्ठा : 'आमच्या मुलांचा सांता परत द्या.'
तिची मुलं म्हणजे मी. एकटी.
मी आत सुटे पैसे मोजत होते.

बायका नाताळची गाणी म्हणायच्या, अगदी सुरात,
लूथरन आणि कॅथलिक पहिल्यांदाच एका ओळीत.
फोटोग्राफर आला की आवाज चढायचा.
सिनेमा कुणी पाहिला होता? कुणीच नाही.
न पाहिलेल्या गोष्टीवरचा राग किती पांढराशुभ्र,
परीटघडीचा.
पाहिला मीही नव्हता.
भिंतीतून किंकाळ्या यायच्या, काचेतून स्तोत्रं,
कधीकधी दोन्हींची चाल जुळायची.

तिकिटं खपत होती, हे सांगायला हवं.
मालक कोझिऑल म्हणाले, "आईला कॉफी नेऊन दे.
एवढी जाहिरात मला परवडली नसती."
तिनं कॉफी बर्फात ओतली.
कप मात्र ठेवून घेतला, हात शेकायला.

सहाव्या संध्याकाळी एमेरिक ल्यूबके आला
आणि गाणं मधेच थांबलं.
बावीस डिसेंबर हा माणूस मोठ्या दुकानात
दुसऱ्या मजल्यावर, लाल खुर्चीत. दाढी खरी.
मी त्याच्याकडे घोडा मागितला होता.
आईनं मागून मान हलवली, ती त्यानं टिपली, म्हणाला,
"घोड्याला जिना उतरता येत नाही गं."
या वर्षी पहिल्याच दिवशी एक पोर त्याला पाहून किंचाळलं,
मग रांगच्या रांग.
दुकानानं त्याला घरी पाठवलं, गोड बोलून.

"एक," तो भोकातून म्हणाला.
साधं निळं जाकीट. तीन डॉलर, सगळी नाणी.
ओळीतून कुणीतरी, "एमेरिक, तूसुद्धा?"
"बघून येतो," म्हणाला,
"माझ्या नावावर कोण काय करतंय."

दीड तासानं बाहेर आला. ओळ तशीच.
आई पुठ्ठा खाली करून पुढे झाली. "काय पाहिलंस?"
तो मिशीवरचा बर्फ पुसत राहिला.
"बूट फार स्वच्छ होते.
आणि पट्टा दुसऱ्या कुणीतरी बांधलेला.
एका ठिकाणी एक मुलगी त्याच्याकडे धावत येते,
हात पसरून.
तिथे मी डोळे मिटले."
पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

नवव्या दिवशी सिनेमा उतरला.
शिडी धरायला कुणी नव्हतं, आईनं धरली.
मी वरून एकेक अक्षर काढून खाली दिलं.
एक अक्षर आमच्याकडे कायम कमी पडायचं,
त्या जागी तीनचा आकडा उलटा लावलेला असे.
"हा नऊ दिवस इथेच होता?"
"हो."
"आणि आम्ही बरोबर खाली."
तिनं तो सुलटा करून पाहिला, पुन्हा उलटा,
आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

लाल खुर्चीवर त्या नाताळात सवलतीचे टॉवेल रचले होते.
पुढच्या वर्षी नवा माणूस बसला, कापसाची दाढी.
आई म्हणाली, "बरा आहे की."
मी खाली पाहिलं.
बूट लखलखीत.