मेंढीचा मेंदू, दुसरं वर्ष

मानसशास्त्र एका इमारतीत, मेंदू दुसऱ्या.
मध्ये रस्ता, खिम्याच्या पायचं दुकान
आणि ड्युनेडिनचा वारा,
छत्र्या उलट्या करून कचरापेटीत कोंबणारा.
दहाला मन. अकराला मेंदू.
ओलांडताना दर मंगळवारी वाटतं,
नेमकं काय ते याच रस्त्यावर असणार,
पण थांबायला वेळ नसतो.

आज ट्रेमध्ये मेंढीचा मेंदू. दोघांत एक.
माझा जोडीदार फालानिको, आपियाचा,
सहा फूट तीन इंच, हातमोज्यात हात मावेनात.
"मोरॅग, तूच काप," म्हणाला, "तुम्ही मेंढ्यांवाले."
खरं आहे. टापानुईच्या पलीकडे, दोन हजार डोकी.
आमच्याकडे मेंढ्या डोक्यांवर मोजतात,
म्हणजे मेंदूंवरच की,
हे आजवर डोक्यात आलं नव्हतं.

केवढासा. मुठीत धरून घरी नेता येईल.
वास मात्र नाकातून घशात, घशातून
दुपारच्या सँडविचपर्यंत सोबत येणार.
वर वळ्याच वळ्या. मला विचाराल तर
आमच्या घरामागचा चढ:
मेंढ्या तिरक्या चालतात, एकीमागे एक, वर्षानुवर्षं,
आणि गवतात आपोआप पायऱ्या पडतात.
कोणीतरी पहिल्यांदा हे उघडलं तेव्हा
त्याला आत बदाम दिसला, समुद्रघोडा दिसला.
नावं तीच राहिली, परीक्षेत तीच लिहायची.
मी असते तर आज जगभरची पोरं
'मागचा चढ' पाठ करत बसली असती.

मागच्या आठवड्यात किलगूरबाई सांगत होत्या,
मेंढीला चेहरे ओळखता येतात.
एकमेकींचे. माणसांचेही. बरेच दिवस लक्षात राहतात.
रविवारी मी हे बाबांना फोनवर सांगितलं.
"यासाठी फी भरतोय होय आपण?"
मग कुत्रा भुंकला, त्याला त्यांनी गप्प केलं,
आणि स्वतःही गप्पच राहिले.
"मग ती दोनशे चौदा..." एवढंच म्हणाले.

दोनशे चौदा. स्वयंपाकघरात शेगडीशेजारी
बाटलीवर वाढवलेली. माझी बाही चघळायची.
मार्चमध्ये ट्रकवर गेली. दात पडले होते.
फळीवर चढताना मागे वळली.
फाटक मी धरलं होतं.

बादलीच्या झाकणावर लेबल असतं,
कोणी वाचत नाही. मी वाचलं.
आमच्याच खोऱ्यातला कत्तलखाना. मार्च.

शक्यता काढली मी, तिथल्या तिथे, पेन्सिलीनं.
दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र सक्तीचं आहे.
नगण्य.
नगण्य म्हणजे शून्य नव्हे,
हेही त्याच पेपरात शिकवतात.

फालानिकोनं लेबल पाहिलं, मला पाहिलं.
काही विचारलं नाही. मान खाली घालून
त्याच्या भाषेत दोनच ओळी पुटपुटला,
बहुधा जेवणाआधी म्हणतात त्या.
मग मी कापलं. मधोमध, सरळ.
वीसपैकी अठरा. दोन गेले ते
बदाम भलत्याच ठिकाणी दाखवला म्हणून.

सप्टेंबरच्या सुट्टीत घरी गेले. कोकरांचे दिवस.
अंगावर नवा जांभळा कोट, केस कापलेले.
कुंपणाआत पाऊल टाकलं तशी
एक मेंढी चरायची थांबली. मान वर.
कान माझ्याकडे. जबडा अर्ध्यावर.
मी हात पुढे केला, तर बाबा मागून म्हणाले,
"हलू नकोस.
कोण आहेस ते ठरवतेय ती."

पाऊस भुरभुरत होता.
मी चेहऱ्यावरची टोपी मागे सारली
आणि उभी राहिले.